वेबसाइटची झाडलोट कोणी करायची?

“तुमच्या वेबसाइटवर जे होतं तेच मी उतरवून घेतलं हो,” त्या बाई फोनवर म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच मला काय उत्तर द्यावं ते सुचेना.

त्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहेत. वाचनालयाचे जुने अहवाल, गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींची टिपणं असं बरंच साहित्य त्यांच्याकडे कॉम्प्युटरवर होतं. १९९६-९७ पासून टाइप केलेलं, त्या काळच्या फॉन्टमध्ये. त्या वर्षांत ज्यांनी मराठी टाइपिंग केलं आहे त्यांना हे दुखणं ठाऊक असेल. तो ठरावीक फॉन्ट मशीनवर नसला की फाइल उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता चिवडा दिसतो. असा मजकूर आजच्या युनिकोडमध्ये बदलून देणारं एक छोटं सॉफ्टवेअर आम्ही सात जण मिळून चालवतो. बाईंनी ते आमच्या वेबसाइटवरून घेतलं. रोज संध्याकाळी वाचनालय बंद झालं की तासभर जास्त बसून त्यांनी साडेतीनशे पानं बदलून घेतली आणि त्यातून वाचनालयाची स्मरणिका तयार केली.

आमच्या त्या आवृत्तीत एक चूक होती. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची असते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. तेव्हा बदलताना वेलांटी उचलून पुढे न्यावी लागते. साध्या अक्षराला ते सोपं आहे. पण पुढे जोडाक्षर आलं की वेलांटी सगळं जोडाक्षर ओलांडून जायला हवी, आणि आमची वेलांटी मध्येच अडकत होती. ‘मंत्रिमंडळ’ मोडत होतं, ‘स्थिती’ मोडत होती. ‘स्त्रिया’ हा शब्द तर जिथे येईल तिथे मोडत होता. (यावर आमच्या गटात पुष्कळ हसून झालं आहे, तेव्हा इथे पुन्हा नको.) दिसल्या तेवढ्या चुका बाईंनी हातानं दुरुस्त केल्या. उरलेल्या छापून गेल्या. प्रकाशनाच्या दिवशी कार्यकारिणीतल्या एका सद्गृहस्थांनी चारचौघांत स्मरणिका उघडून दाखवली आणि “बाईंना एवढंही जमलं नाही” असं म्हटलं.

ही चूक आम्ही त्याआधी पाच महिने दुरुस्त केलेली होती. नवी आवृत्ती तयार होती, तपासून झाली होती, आम्हां सातही जणांच्या मशीनवर ती चालत होती. फक्त वेबसाइटवर ती चढवायची राहिली होती. पानावर जुनीच आवृत्ती होती, तिच्याखाली ‘ताजी आवृत्ती’ असं लिहिलेलंही होतं. वेबसाइटचं काम माझ्याकडे होतं, आणि २०२२ च्या त्या पावसाळ्यात माझी आई पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं.

हा लेख आईच्या दुखण्याबद्दल नाही, माझ्या अपराधी वाटण्याबद्दलही नाही. ते वाटणं आपल्याला इतकं सवयीचं आहे की त्यावर वेगळा लेख लिहायची गरज नाही. मला विचारायचं आहे ते असं, की सात जणांच्या प्रकल्पात एका बाईची आई पडली तर पाच महिने वेबसाइट शिळी का राहावी?

मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण आपल्यातल्या पुष्कळ जणींना ते आपलं क्षेत्र वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. ज्या सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि पुढे वाटता येते ते मुक्त सॉफ्टवेअर. यातली मोठी कामं कंपन्यांच्या पगारावर होतात, पण असंख्य लहान प्रकल्प लोक रात्री जेवणं आटोपल्यावर आणि रविवारी फुकट चालवतात. मी बँकेत कारकून होते. आमच्या संघटनेची पत्रकं आणि अहवाल जुन्या फॉन्टमध्ये अडकून पडले होते, ते सोडवण्यासाठी मी या गटात शिरले. गटात पाच पुरुष, एक इंजिनिअर मुलगी आणि मी. मला प्रोग्रॅम लिहिता येत नव्हता, पण मराठी लिहिता येत होतं. पहिल्याच महिन्यात कोणीतरी म्हणालं, “ताईंची भाषा चांगली आहे, वेबसाइट ताईंकडे देऊ या.” मला बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

तेव्हा मला वाटलं होतं, आठवड्याला अर्धा तास. वेबसाइट म्हणजे एकदा बांधली की उभी राहते असं बाहेरून वाटतं. घर झाडलेलंच असतं असं घरातल्या पुरुषाला वाटतं ना, तसं. प्रत्यक्षात नवी आवृत्ती निघाली की उतरवून घेण्याचा दुवा बदलायचा, तिच्यात काय बदललं ते साध्या भाषेत लिहायचं, सूचनांमधली जुनी चित्रं काढून नवी घालायची, कारण एखाद्या बटणाची जागा सरकलेली असते आणि पहिल्यांदा वापरणारी व्यक्ती चित्रात दिसतं तिथेच बटण शोधते. लोक तेच ते प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं एका पानावर जमवायची. दुसऱ्यांच्या वेबसाइटकडे जाणारे दुवे मरतात, ते शोधून काढायचे. पान सुरक्षित असल्याचं जे प्रमाणपत्र असतं ते आम्ही फुकटातलं वापरतो, त्याची मुदत नव्वद दिवसांची. ते आपोआप नवं व्हावं अशी सोय करता येते, पण आमच्या स्वस्तातल्या सर्व्हरवर ती कोणी केली नव्हती, म्हणून दर तीन महिन्यांनी हातानं करायचं. ते चुकलं की येणाऱ्याला लाल अक्षरांत धोक्याची पाटी दिसते. वेबसाइटच्या नावाचे पैसे वर्षाला भरायचे. ते चुकले तर नाव हातचं जातं आणि तिथे उद्या भलतंच दुकान उघडू शकतं. शिवाय पत्रं. “डाउनलोड होत नाही”, “माझा फॉन्ट यादीत नाही”, “तुमचं ऑफिस पुण्यात कुठे आहे?”

यातलं एकही काम अवघड नाही. अवघड आहे ते हे सगळं लक्षात ठेवणं.

बाईंच्या फोननंतर मी गटाची बैठक मागितली. बैठकीत कोणी मला दोष दिला नाही. सगळे चांगले लोक आहेत. प्रकल्प ज्यांनी सुरू केला ते म्हणाले, “ताई, तुम्ही नुसतं सांगितलं असतं तर आम्ही मदत केली असती.”

मैत्रिणींनो, हे वाक्य तुम्ही कुठे ऐकलं आहे ते मला सांगायला नको. त्यातले दोन शब्द उचलून पाहू या. ‘मदत’ म्हणजे काम मुळात तिचं, आम्ही वरून हात लावू. आणि ‘सांगितलं असतं तर’ म्हणजे काय करायचं आहे ते शोधण्याचं, कोणाला सांगायचं ते ठरवण्याचं, सांगण्याचं आणि झालं का ते बघण्याचं कामही तिचंच. इस्पितळाच्या जिन्यात बसून मी कोणाला आणि काय सांगायला हवं होतं? नव्या आवृत्तीची फाइल ज्यांनी स्वतःच्या हातानं तयार केली, त्यांना ती पानावर गेली नाही हे पाच महिन्यांत दिसलं नाही. दिसलं नाही, कारण ते पान त्यांनी उघडलंच नव्हतं. घरातला डबा रिकामा झाला हे ज्याला डबा भरायचा असतो त्यालाच दिसतं.

आकडे हवे असतील तर तेही आहेत. २०२४ साली केंद्र सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटं जातात, आणि हेच काम करणाऱ्या पुरुषाची ८८. त्याआधीच्या २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत दोघांचाही वेळ थोडा घटला, दोघांमधलं अंतर होतं तिथेच राहिलं. आता सॉफ्टवेअरकडे या. २०१७ साली गिटहबने मुक्त सॉफ्टवेअर करणाऱ्या साडेपाच हजार लोकांची पाहणी केली. त्यातल्या ९३ टक्के लोकांनी सांगितलं की माहितीची आणि सूचनांची पानं अपुरी किंवा शिळी असणं हा त्रास त्यांना जाणवतो. त्याच पाहणीत काम करणाऱ्यांपैकी ६० टक्के म्हणाले की या पानांना आपण क्वचित हात लावतो किंवा कधीच लावत नाही. त्रास जवळपास सगळ्यांना, काम मात्र दुसऱ्याचं. उत्तर देणाऱ्यांत बायका किती होत्या म्हणाल तर ३ टक्के. तेव्हा ही शिळी पानं सगळीकडे बायकाच सांभाळतात असं मी म्हणणार नाही. तेवढ्या बायका तिथे नाहीतच. पण जे काम चमकत नाही, रोज करावं लागतं आणि झालं तर दिसत नाही, ते एकावर ढकलून मोकळं होण्याची रीत घरातून आली आहे, आणि गटात एखादी बाई असली तर ते कोणाकडे जातं हे मी अनुभवानं सांगते.

बैठकीत ठरलं की वेबसाइटचं काम वाटून घ्यायचं. एकमतानं ठरलं. पुढे जे झालं ते सांगताना मला आता हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात एकाने सुचवलं की ही वेबसाइट जुन्या पद्धतीची आहे, ती पूर्णपणे नव्या तंत्रात बांधू, मग सांभाळणं सोपं जाईल. दुसऱ्याने तिसरंच तंत्र सुचवलं. दोघांची दीड महिना चर्चा झाली, उत्साहानं, रात्री दीड-दोनपर्यंत. त्या दीड महिन्यात प्रश्नोत्तरांच्या पानावर एक ओळही वाढली नाही. भांडी घासायची पाळी आली की माणूस नवी मोरी बांधायच्या गोष्टी करतो. तिसऱ्याने वेबसाइटचा रंग बदलला. तो चांगला दिसतो, मी नाकारत नाही.

एका रविवारी मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि कामांची यादी काढली. मुख्य पानावरची, आतल्या पानांवरची, आठवड्याची, महिन्याची, वर्षाची, आवृत्ती निघाली की करायची. तेवीस कामं झाली. प्रत्येकापुढे लिहिलं, ते कसं करायचं, त्याला किती वेळ लागतो आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे. या शेवटच्या रकान्यात तेवीस वेळा माझंच नाव आलं. नावाच्या नोंदणीचा पासवर्ड माझ्या वहीत, सर्व्हरचा माझ्या डोक्यात, पत्रं माझ्या पत्त्यावर. मी आजारी पडले असते, मेले असते, रुसून निघून गेले असते, तर वेबसाइटमध्ये शिरायची वाट एकालाही माहीत नव्हती.

इथे मला स्वतःकडेही बघावं लागलं. किल्ल्या माझ्याकडेच असाव्यात असं कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. इंजिनिअर मुलीने एकदा विचारलं होतं, “ताई, मला पण लॉगिन द्याल का?” आणि मी म्हटलं होतं, “अगं, तुला कशाला तो व्याप?” त्यात तिची काळजी होती, पण दुसरंही काही होतं. ज्या गटात सगळे मला कळत नसलेलं बोलायचे तिथे ही एक गोष्ट माझी होती. माझ्याशिवाय जिचं अडतं अशी. सासूच्या कमरेच्या किल्ल्यांबद्दल आपण इतकी वर्षं बोललो आहोत. माझ्या कमरेला त्या कधी आल्या ते मला कळलंच नाही.

स्त्री-चळवळीत या गोष्टीचा विचार फार आधी झालेला आहे. अमेरिकेतल्या जो फ्रीमन यांनी १९७० साली एका मेळाव्यात भाषण केलं, त्याचा पुढे ‘द टिरनी ऑफ स्ट्रक्चरलेसनेस’ हा लेख झाला. नेमून दिलेली रचना नाकारणाऱ्या गटांतही रचना असतेच, फक्त ती लपलेली असते, आणि लपलेली असल्यामुळे तिला जाब विचारता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. हा लेख बायकांच्या गटांसाठी लिहिलेला. आज मुक्त सॉफ्टवेअरवाले तरुणही तो वाचतात, हे मला या गटात आल्यावर कळलं. त्या लेखात शेवटी काही सूचना आहेत. कामं ठरवून नेमून द्यावीत, ती आळीपाळीनं फिरवावीत, माहिती सगळ्यांपर्यंत पोचवावी, साधनं सर्वांच्या हाताशी ठेवावीत. त्यातली मला सगळ्यांत पटलेली गोष्ट पाळीबद्दलची आहे. एखादं काम फार काळ एकाच व्यक्तीकडे राहिलं तर ते तिची मालमत्ता होऊन बसतं. उलट फार भराभर फिरवलं तर कोणालाच ते नीट शिकता येत नाही आणि चांगलं केल्याचं समाधानही मिळत नाही. आमचा पाळीचा पहिला तक्ता आठवड्याचा होता. तो का कोसळला ते मला हा लेख पुन्हा वाचल्यावर समजलं. एका आठवड्यात माणूस पासवर्ड शोधतो, तोवर पाळी संपते.

आता पाळी दोन महिन्यांची आहे आणि दोघांची. एक माहीतगार, एक नवा. मग माहीतगार जातो, नवा माहीतगार होतो आणि दुसरा नवा येतो. किल्ल्या तिघांकडे आहेत आणि त्या कोणाकडे आहेत हे सातही जणांना माहीत आहे. वेबसाइटची पानं आम्ही सॉफ्टवेअरच्या संहितेशेजारीच ठेवली आहेत. कोणीही दुरुस्ती सुचवायची, दुसऱ्याने ती वाचून मान्य करायची. कोणी काय कधी बदललं याची नोंद राहते आणि बिघडलं तर मागे जाता येतं. माझ्यासारखीला हे तंत्र शिकायला दोन रविवार लागले. शिकवलं त्या इंजिनिअर मुलीने, एकदाही उसासा न टाकता. ज्यांना ते शिकायचं नाही त्यांनी दुरुस्ती साध्या पत्रानं कळवावी आणि पाळीवरच्या जोडीने ती घालावी, अशीही सोय आहे. नाही तर दार उघडं ठेवून उंबरा कमरेएवढा केल्यासारखं होतं.

सगळ्यांत जास्त वाद एका नियमावर झाला. पानावर दुवा बदलून आणि ‘काय बदललं’ हे मराठीत लिहून झाल्याशिवाय आवृत्ती ‘निघाली’ असं म्हणायचं नाही, आणि ते लिहायचं ज्याने बदल केला त्यानंच. यावर एक सहकारी म्हणाले, “मला लिहिता येत नाही, ताईंना पाच मिनिटं लागतात, माझा तास जातो.” यात खोटं काही नाही. पण त्यांना सलग तीन वेळा तास लागला, चौथ्या वेळी वीस मिनिटं लागली. पोळ्या माझ्याही पहिल्या दिवशी गोल झाल्या नव्हत्या.

त्यांचं पहिलं टिपण मात्र भयंकर होतं. ‘सदर आवृत्तीमध्ये ऱ्हस्व इकाराच्या पुनर्स्थापनेचे निराकरण करण्यात आले आहे.’ मी ते रात्री अकराला पाहिलं आणि कोणाला न सांगता पूर्ण बदलून टाकलं. सकाळी त्यांचं पत्र आलं, “तुम्ही बदलणारच होता तर मला कशाला लिहायला लावलंत?” त्यांचं बरोबर होतं. नवऱ्याने घासलेली कढई पुन्हा घासणारी बाई मी आयुष्यभर पाहिली आहे, आईच्या घरी आणि आरशातही. पुढच्या वेळी मी दोन वाक्यं सुचवली आणि गप्प बसले. त्यांनी एक घेतलं, एक घेतलं नाही. ते जे राहिलं ते मला अजूनही खुपतं. पण वाचणाऱ्याला कळतं आहे.

इथवर कामाच्या वाटणीचं झालं. मानाचं काय? आमच्या प्रकल्पाच्या ‘आम्ही’ या पानावर पूर्वी पहिल्या रांगेत प्रोग्रॅम लिहिणारे होते आणि खाली बारीक अक्षरात ‘साहाय्य’ म्हणून माझं नाव होतं. गंमत म्हणजे ते पान मीच लिहिलं होतं.

मोठ्या प्रकल्पांनाही हे उशिरा सुचलं आहे. डेबियन ही कॉम्प्युटरची सबंध चालनप्रणाली आहे, १९९३ पासून जगभरातले स्वयंसेवक ती बनवतात. तिच्या सभासदांची संख्या हजाराच्या आसपास आहे. दरवर्षी ते मतदानाने आपला नेता निवडतात, मोठे निर्णयही मतदानाने घेतात. हे सभासदत्व बहुतेक करून सॉफ्टवेअरची पॅकेजं बांधणाऱ्यांना मिळायचं. भाषांतर करणारे, माहितीची पानं लिहिणारे, वेबसाइट सांभाळणारे वर्षानुवर्षं राबत, पण त्यांच्यासाठी दार नीट उघडं नव्हतं. पॅकेज न बांधणाऱ्यांनाही पूर्ण सभासद म्हणून सामावून घ्यावं असा ठराव २०१० साली सभासदांच्या मतदानाने मंजूर झाला. प्रकल्प सुरू झाल्यावर सतरा वर्षांनी. डेबियनमध्ये बायकांनी यावं आणि टिकावं यासाठी ‘डेबियन विमेन’ हा गट २००४ पासूनच उभा राहिला होता. ठराव झाला म्हणजे सगळं सुरळीत झालं असं नाही, पण झाडलोट करणारीलाही मत असतं हे लिहून ठेवलं गेलं. लिहून ठेवण्याचं महत्त्व आपल्याला सातबाऱ्यावरून ठाऊक आहे.

डेबियनच्या वेबसाइटची आणखी एक पद्धत मी उचलायला लावली. ती वेबसाइट अनेक भाषांत आहे. प्रत्येक भाषांतरित पानाच्या पोटात एक नोंद असते, की हे भाषांतर मूळ पानाच्या कोणत्या अवस्थेवरून केलं. मूळ पान पुढे गेलं की कोणती भाषांतरं मागे पडली ते यंत्रालाच कळतं, आणि फार मागे पडलेल्या पानावर वाचणाऱ्याला तशी सूचना दिसते. लक्षात ठेवण्याचं ओझं एका माणसाच्या डोक्यातून काढून सगळ्यांसमोर ठेवायचं, असा त्याचा अर्थ. आमच्या पानांवर आता तळाला तारीख असते, शेवटचा हात कधी फिरला त्याची. सहा महिन्यांच्या वर गेली की वर पाटी येते: ‘हे पान जुनं झालं असू शकतं, वापरण्यापूर्वी आम्हाला विचारा.’ एका सहकाऱ्यांना ही पाटी लाजिरवाणी वाटते. मला वाटतं, ती २०२२ साली असती तर एका बाईला चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं नसतं.

“एवढ्याशा कामाला एवढी व्यवस्था कशाला? एकीला आवड आहे, ती करते, चाललं आहे,” हा प्रश्न मला गटाबाहेरच्या एका मैत्रिणीनेही विचारला. ती एका संस्थेच्या वेबसाइटचं काम अकरा वर्षं एकटी करते आहे. आवड मलाही आहे. आजही नवं पान लिहायला बसले की वेळेचं भान राहत नाही. पण आवड असलेल्या बाईलाही ताप येतो, तिच्याही घरी म्हातारी माणसं असतात, आणि कधी तरी तिची आवडही संपते. तेव्हा ती सुटू शकते का, हे पाहायला हवं. शिवाय ‘चाललं आहे’ हे कोण म्हणतं तेही पाहावं. शिळं पान आपल्याला त्रास देत नाही, आपण तिथे जातच नाही. त्रास होतो तो लांबच्या गावातल्या माणसाला, ज्याच्या ओळखीचा इंजिनिअर नाही आणि ज्याला त्या एका पानाशिवाय दुसरा आधार नाही.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. बदलांची नोंद राहते ती पानावर केलेल्या बदलांची. फोनवर एखाद्या मास्तरांना अर्धा तास समजावून सांगितलं की कुठलं बटण दाबा, याची नोंद कुठेच होत नाही, आणि आमचा नंबर पानावर नसला तरी हे फोन माझ्याकडे आणि त्या मुलीकडेच येतात. एकमेकांना नंबर देताना लोक ‘ताई नीट सांगतात’ असं म्हणतात. दर बैठकीला मी हा विषय काढते. दर बैठकीला सगळे मान डोलावतात.

ग्रंथपाल बाईंना मी नवी आवृत्ती पाठवली, आणि मूळ जुन्या फायली शिल्लक होत्या त्या आम्ही दोघींनी मिळून पुन्हा बदलून घेतल्या. हातानं केलेल्या दुरुस्त्या वाया गेल्या त्या गेल्याच. स्मरणिकेची दुसरी आवृत्ती काढायला वाचनालयाकडे पैसे नाहीत. बाई मात्र गटात आल्या. आमच्या वेबसाइटवर ‘सुरू करण्यापूर्वी’ नावाचं पान आहे, ते त्यांनी लिहिलं आहे. त्यातलं पहिलंच वाक्य असं, की मूळ फाइलची एक प्रत वेगळी काढून ठेवा, आणि पहिली दोन पानं बदलून झाली की थांबून त्यातले जोडाक्षरांचे शब्द तपासा. आम्हां सातांपैकी कोणाला हे लिहायचं सुचलं नव्हतं. ‘आम्ही’ या पानावर आता आठ नावं आहेत, एकाच आकाराच्या अक्षरात, आडनावांच्या क्रमानं.

या महिन्यात पाळी त्यांची आणि रंग बदलणाऱ्या त्या मुलाची आहे. वेबसाइटच्या नावाचे वर्षाचे पैसे येत्या अठरा तारखेपर्यंत भरायचे आहेत. ते यादीत सतराव्या क्रमांकावर आहे, किल्ली दोघांकडे आहे. मला ती तारीख अजूनही पाठ आहे. आज बारा. मी कोणाला आठवण केलेली नाही.